नक्कल आणि फेरफार

मंडळी, बरेच शनिवार झाले, इथे काही खरडलं नाही. कारण नेहमीचंच. रिलीज, त्यानंतरचा रिलीज, आणि मग त्या दोन्हींतले बग काढण्यासाठी तिसरा रिलीज. पण गेल्या पंधरवड्यात दोन चुका अशा लागोपाठ समोर आल्या की लिहिल्यावाचून राहवेना. एक पुण्यात, आमच्या स्विफ्टच्या कोडमध्ये. दुसरी सावनेरला, काकांच्या कापडी पिशवीत. आणि गंमत म्हणजे दोन्ही चुका मुळात एकच होत्या.

आधी पुण्यातली सांगतो. आमच्या टीममध्ये नुकताच लागलेला एक मुलगा आहे, हुशार आहे. त्याने एक फंक्शन लिहिलं. खरेदीची कार्ट घ्यायची, प्रत्येक वस्तूवर सवलत लावायची, झालं. पहिल्या ओळीत त्याने कार्टची बदलता येईल अशी प्रत काढली, मग लूप लावून सगळ्या किमती कमी केल्या, आणि फंक्शन संपवलं. रिटर्न वगैरे काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी आला, "सर, सवलत लागते आहे. मी आत प्रिंट करून पाहिलं. पण बिल तेवढंच येतंय."

आत बघितलं तर लागते, बाहेर बघितलं तर नाही. हे दुखणं फार जुनं आहे हो. किती जुनं, ते पुढे येईलच. ज्यांचा स्विफ्टशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. स्विफ्टमध्ये स्ट्रक्ट ही 'व्हॅल्यू टाइप' असते. आकडा, अक्षरमाला, अ‍ॅरे हे सगळे तिथे स्ट्रक्टच. ती कुणाला दिली की समोरच्याला मूळ वस्तू मिळत नाही, तिची नक्कल मिळते. नकलेवर काय वाटेल ते लिहा, मूळ आहे तसंच राहतं. क्लासचं तसं नाही. तिथे सगळ्यांच्या हातात एकाच वस्तूचा पत्ता असतो, एकाने बदल केला की सगळ्यांना दिसतो.

आता सावनेर. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की साधारण तासाभरात येणारं आमचं तालुक्याचं गाव. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, कपाशी, आणि संत्र्याच्या बागा. आमचीही एक लहानशी बाग आहे, ती काका बघतात. इतकी वर्षं बहार झाडावरच व्यापाऱ्याला विकायचा आणि मोकळं व्हायचं, असं चालत होतं. यंदा काकांच्या मनात ठिबक करायचं आलं, म्हणून ते कर्जासाठी बँकेत गेले. बँकेतल्या माणसाने सातबारा ऑनलाइन उघडला आणि म्हणाला, "ही जमीन तर तुमच्या वडिलांच्या नावाने आहे."

आजोबा २००१ साली गेले.

त्या शनिवारी मी घरी होतो. काकांनी पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं, पाकिटातून सातबारा काढला. "हे पाय न बाबू. नावं तं चढलेली आहेत. माहं, तुह्या बाबाचं. इतकी वर्षं हेच कागद आहेत आपल्याजवळ." खरंच होतं. नावं होती. पण नीट बघितल्यावर अक्षर ओळखीचं वाटलं. ते काकांचंच होतं!

झालं होतं असं. त्या काळी उतारा हाती लिहिलेलाच मिळायचा. आजोबा गेल्यावर काकांनी उताऱ्याची नक्कल आणली, आजोबांच्या नावाला कंस केला आणि खाली बॉलपेनने दोघा भावांची नावं लिहिली. पुढे अर्जासोबत नेऊ, साहेबाला समजायला सोपं जाईल, म्हणून. तो अर्ज राहिला. मग त्या कागदाची झेरॉक्स निघाली, त्या झेरॉक्सची झेरॉक्स निघाली, आणि निळी शाई काळी झाली. काकांचं अक्षर आणि पटवाऱ्याचं अक्षर एकाच रंगाचं झाल्यावर घरात कुणालाच शंका आली नाही. खुद्द काकांनासुद्धा नाही.

आत बघितलं तर नावं चढलेली, बाहेर बघितलं तर नाही.

असो. तर परतीच्या प्रवासात माझ्या डोक्यात हेच घोळत होतं, आणि मग फंक्शनला दिलेल्या किमतींचा सगळा इतिहासच डोळ्यांसमोर येऊ लागला. तोच आज सांगणार आहे.

१९५७ साली आयबीएमच्या ७०४ यंत्रासाठी फोरट्रान आली, आणि पुढच्याच वर्षी फोरट्रान-२ मध्ये स्वतःची सबरुटीन लिहायची सोय झाली. तिथे सबरुटीनला किंमत जात नसे, किंमत ठेवलेल्या जागेचा पत्ता जाई. म्हणजे नक्कल बिक्कल काही नाही, पटवाऱ्याचं मूळ दप्तरच तुमच्या हातात! यातून एक अजरामर बग जन्माला आला. सबरुटीनला तुम्ही नुसता '२' हा आकडा दिलात आणि तिने आत त्यात एक मिळवला, तर काही जुन्या कंपायलरांवर तो '२' ठेवलेली जागाच बदलून जाई. पुढे त्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे २ लिहिलंय तिथे तिथे ३. गणिताचाच पाया उखडला म्हणा ना.

१९६० च्या अल्गोलने हे दुरुस्त करायचं मनावर घेतलं आणि दोन वाटा दिल्या. एक 'नावाने' देण्याची. त्यात तुम्ही दिलेली राशी जशीच्या तशी फंक्शनच्या आत बसवल्यासारखी वागते आणि दर वेळी नव्याने मोजली जाते. ही वाट हुशारांना फार आवडली आणि बाकीच्यांना फार छळून गेली. दुसरी वाट 'किमतीने' देण्याची. सुरुवातीलाच किंमत मोजा, तिची नक्कल करा, आणि ती नक्कल फंक्शनला स्वतःची म्हणून वापरू द्या. आपल्या गोष्टीतला मूळ पुरुष हाच. पॅरामीटर म्हणजे आयती किंमत भरून मिळालेलं स्थानिक व्हेरिएबल, ही कल्पना इथून आली.

मग १९७० मध्ये निकलाउस विर्थ यांची पास्कल. इथे एक शब्द लक्षात ठेवा, 'व्हार'. पास्कलमध्ये पॅरामीटरच्या आधी 'व्हार' लिहिलं की अर्थ होतो, 'मूळ वस्तू दे, मी ती बदलणार आहे'. काही लिहिलं नाही तर नक्कल. हा शब्द पुढे पुन्हा भेटणार आहे, आणि नेमका उलटा अर्थ घेऊन.

त्याच सुमाराला डेनिस रिची यांची सी आली. सीने सरळ सांगितलं, सगळं किमतीने. मूळ बदलायचं असेल तर तुम्हीच पत्ता काढा आणि तो द्या. १९७८ च्या कर्निघन-रिची पुस्तकात तर या गोष्टीचं कौतुकच केलंय. पॅरामीटर आतमध्ये खुशाल बदला, वेगळं व्हेरिएबल कशाला हवं, कोड आटोपशीर होतो, असा एकूण सूर. (अ‍ॅरे दिला की मात्र गुपचूप पत्ता जातो. नियम तिथे अपवाद, सीसुद्धा सुटली नाही.)

आमच्या पिढीला हे सगळं शिकवलं ते यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'ने. कानेटकर आमच्या नागपूरचे, हे सांगताना कॉलेजात असताना आमची कॉलर अंमळ ताठ व्हायची. दोन आकड्यांची अदलाबदल करणारा त्यातला प्रोग्रॅम आठवतोय ना? पहिल्यांदा किमती पाठवायच्या. फंक्शनच्या आत अदलाबदल होते, मेनमध्ये येऊन पाहावं तर आकडे जागच्या जागी. मग पत्ते पाठवायचे, आणि काय आश्चर्य, झाली अदलाबदल! परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा. आम्ही तो पाठ केला, मार्क मिळवले आणि विसरलो. आमच्या टीममधल्या मुलाची चूक म्हणजे त्याच प्रोग्रॅमचा पहिला भाग आहे, बाकी काही नाही.

आता उडी मारून २०१४ मध्ये येऊ. जूनमध्ये अ‍ॅपलने स्विफ्ट जाहीर केली. मी तेव्हा ऑब्जेक्टिव्ह-सीत चार वर्षं घासलेला. तिथे जवळजवळ सगळंच पत्त्याने चालायचं, आणि आपण दिलेली यादी दुसरा कुणी मागच्या मागे बदलेल या भीतीने आम्ही जागोजागी हाताने नकला काढून ठेवायचो. स्विफ्टने सांगितलं, नक्कल ही आता भाषेचीच जबाबदारी. पण गंमत पाहा, पहिल्या बीटामध्ये त्यांचं स्वतःचंच नक्की ठरलेलं नव्हतं. एक अ‍ॅरे दोन नावांना दिला तर दोन्ही नावं एकाच साठ्याकडे बघायची, एकीकडे घटक बदलला की दुसरीकडेही बदलायचा. पण अ‍ॅरेची लांबी बदलली की मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या! अर्धी नक्कल, अर्धं मूळ. लोकांनी आरडाओरडा केला आणि जुलैतल्या तिसऱ्या बीटामध्ये अ‍ॅरे पुरता व्हॅल्यू टाइप झाला. आता प्रत्यक्ष प्रत तेव्हाच निघते जेव्हा कुणीतरी त्यावर लिहायला जातं. तोवर एकच कागद सगळ्यांनी वाचायचा. पेन टेकवलं की मगच झेरॉक्स.

राहता राहिले फंक्शनचे पॅरामीटर. स्विफ्टने तीन पर्याय ठेवले होते. काहीच लिहिलं नाही तर पॅरामीटर स्थिर, आत बदलताच येणार नाही. 'व्हार' लिहिलं तर आत बदलता येईल, पण ती नक्कल, मूळ शाबूत. आणि 'इनआउट' लिहिलं तर आतला बदल बाहेर मुळापर्यंत पोचेल.

आता पास्कलमधला 'व्हार' आठवा. तिथे तो मूळ बदलायचा, इथे नक्कल. शब्द तोच, अर्थ उलटा. पास्कल न शिकलेल्यांचाही गोंधळ व्हायचाच. पॅरामीटरपुढे 'बदलता' असं लिहिलंय म्हटल्यावर बदल बाहेर दिसेल असं कुणालाही वाटणार. म्हणून, स्विफ्टचा कोड डिसेंबर २०१५ मध्ये खुला झाला तेव्हा भाषेत सुधारणा सुचवणारे जे अगदी पहिले प्रस्ताव आले, त्यांतला तिसराच प्रस्ताव होता, पॅरामीटरमधला 'व्हार' काढून टाका. युक्तिवाद साधा होता. त्याने फायदा काय, तर एक ओळ वाचते. तोटा काय, तर नक्कल आणि मूळ यांतला फरक झाकला जातो. मूळ प्रस्ताव तर 'इफ' वगैरेंच्या जुळणीतलेही 'व्हार' काढायला निघाला होता, पण वापरून पाहिल्यावर तेवढा भाग मागे घेतला गेला आणि फक्त पॅरामीटरवर कुऱ्हाड पडली. मार्च २०१६ मध्ये स्विफ्ट २.२ ने ताकीद द्यायला सुरुवात केली, आणि सप्टेंबरात स्विफ्ट ३ ने सरळ एरर.

तेव्हा मी भयंकर वैतागलो होतो. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये शेकडो ठिकाणी हे दुरुस्त करत बसलो. उपाय म्हणजे काय, तर फंक्शनच्या पहिल्या ओळीत त्याच नावाचं नवं बदलतं व्हेरिएबल घ्यायचं आणि त्यात पॅरामीटर भरायचा. मला वाटायचं, अरे हे तर तेच झालं! आधी कंसात लिहायचो, आता खालच्या ओळीत लिहायचं. नुसती कारकुनी.

ही कारकुनी कशासाठी, ते मला सावनेरला काकांचा कागद हातात घेतल्यावर कळलं. दहा वर्षांनी!

बघा ना, काकांनी नकलेवर लिहिलं यात काहीच गैर नव्हतं. नक्कल असतेच त्यासाठी. आकडेमोड करा, खुणा करा, नावं लिहून पाहा. घात झाला तो शाई एका रंगाची झाल्यामुळे. नक्कल हे मूळ नाही, हे दाखवणारी खूण गेली. 'व्हार' पॅरामीटर म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स होता. पहिल्या ओळीत 'ही मी प्रत काढली' असं लिहायला लावणं म्हणजे निळी शाई निळीच ठेवणं. विसरणारा तरीही विसरतोच, आमचा मुलगा विसरलाच की. पण मला त्याच्या कोडमधली चूक सापडायला दहा सेकंदही लागले नाहीत, कारण 'प्रत काढली' ही ओळ डोळ्यांसमोर होती आणि 'प्रत परत दिली' ही ओळ कुठेच नव्हती.

मग मूळ बदलायचं कसं? त्याला महसुलाच्या भाषेत एक सुंदर शब्द आहे, फेरफार. इंग्रजी कागदांत याच नोंदीला म्युटेशन म्हणतात. आणि स्विफ्टमध्ये, स्ट्रक्टची जी मेथड स्वतःलाच बदलते तिच्यापुढे कोणता शब्द लिहावा लागतो? 'म्युटेटिंग'! म्हणजे फेरफार करणारी. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते फक्त "असं?" म्हणाले. त्यांना ठिबकची काळजी होती.

फेरफाराची रीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये घालून दिली आहे. (नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होतं, त्याआधी मध्य प्रांतात. म्हणून आमच्याकडे तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात.) कलम १४९ सांगतं की वारसाने असो की खरेदीने, जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा. कलम १५० सांगतं की त्याने ते फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये लिहावं, त्याची प्रत चावडीवर लावावी, आणि ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्या प्रत्येकाला लेखी कळवावं. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर तिची वेगळ्या वहीत नोंद आणि निवाडा. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार, आणि मगच सातबारा बदलणार.

आता 'इनआउट' पाहा. फंक्शन लिहिणाऱ्याने 'इनआउट' लिहून सांगायचं की मी मूळ बदलणार आहे. पण तेवढ्याने भागत नाही. ते फंक्शन बोलावणाऱ्यालाही आपल्या व्हेरिएबलपुढे '&' हे चिन्ह लिहावं लागतं. नाही लिहिलं तर कंपायलर पुढे जाऊच देत नाही. म्हणजे ज्याची वस्तू आहे त्याला कळल्याशिवाय त्याच्या वस्तूत फेरफार नाही. ते एवढंसं चिन्ह म्हणजे नोटिशीवरची सही आहे हो. काम चालतं तेही तसंच. तत्त्वतः किंमत आत येते, आतमध्ये बदलते, आणि फंक्शन संपताना मूळ जागी परत लिहिली जाते.

हरकतीच्या वहीसारखाही एक प्रकार पुढे आला. २०१७ च्या स्विफ्ट ४ ने नियम केला की एखाद्या जागेत 'इनआउट'ने फेरफार चालू असताना दुसऱ्या कुणी त्याच जागेला हात लावायचा नाही, वाचायलासुद्धा नाही. एकाच अ‍ॅरेतल्या दोन घटकांची अदलाबदल करणारा जुना कोड त्या दिवशी अडला, कारण दोन फेरफार एकाच सातबाऱ्यावर एकाच वेळी आले. त्यासाठी वेगळी मेथड द्यावी लागली. २०१९ च्या स्विफ्ट ५ पासून ही राखण रिलीज बिल्डमध्येही चालू झाली. तेव्हाही मी कुरकुरलो होतो. माझा स्वभावच तसा आहे.

आता मुख्य गोष्ट, जी मी इतका वेळ टाळत होतो.

वारसाचा अर्ज भरायला आम्ही पडवीत बसलो. मी काकांना वारसांची नावं विचारली. त्यांनी झेरॉक्स पुढे केली, "हे काय, लिहिली आहेत न." त्यावर दोन नावं होती. काका आणि बाबा. मी म्हटलं, "काका, आत्याचं नाव?"

काका बराच वेळ बाहेर बागेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तवा सुचलं नाही रे."

खोटं नव्हते बोलत. नकलेवर लिहिताना खरंच सुचत नाही. तिथे कुणी विचारणारं नसतं, कुणाला नोटीस जात नाही, चावडीवर काही लागत नाही. आपल्या मनात जे जग असतं तेच आपण लिहितो, आणि काकांच्या मनातल्या जगात जमीन दोघा भावांची होती. चोवीस वर्षं तो कागद घरात फिरला. मी स्वतः तो कॉलेजात असताना कुठल्याशा फॉर्मला जोडला होता. मलाही सुचलं नाही. म्हणून दोष एकट्या काकांना देऊन मी सुटत नाही.

अर्जात तिघांची नावं लिहिली. फेरफार धरला गेला, नोटिसा निघाल्या. आत्या काटोलला असते. तिला कागद मिळाल्याच्या दिवशी तिचा फोन आला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ती शांत होती. म्हणाली, "सही केली बाबू मी. नाव राहू दे माझं. वाटणीचं पाहू मग, मले काही घाई नाही. पण कोणी विचारलं तं सही इतक्या वर्षांनी."

पंधरा दिवस संपायला अजून चार दिवस आहेत. काकांचं ठिबक या हंगामात होईल असं दिसत नाही, पुढच्या बहाराला बघू.

आणि आमच्या टीममधल्या मुलाला मी दोन्ही उपाय सांगितले, 'इनआउट' कर किंवा नवी कार्ट रिटर्न कर. त्याने विचार करून रिटर्न निवडलं. "सर, मूळ कार्ट कशाला बदलायची? नवी देतो, घ्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं." मी मान डोलावली आणि मंजूर केलं. ती जुनी झेरॉक्स मात्र मी पुण्याला घेऊन आलोय. ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. कोपऱ्यात, यावेळी लाल पेनने, मोठ्या अक्षरांत लिहिलंय - नक्कल.